अंधारातील खातेदार

उज्जयिनीत गुहा म्हटली की भर्तृहरीची, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के आहे की गुहेत आणखी कोणी राहत असेल असा विचारही आपल्याला शिवत नाही. गढकालिकेच्या बाजूला, शिप्रेच्या काठी, त्या गुहांत उतरताना मान वाकवावी लागते, नाथपंथी साधूंच्या धुनीचा धूर डोळ्यांत जातो, आणि बरोबरच्या पाहुण्यांना आपण राजाच्या वैराग्याची कथा सांगू लागतो. छताच्या सांध्यात एखादे जाळे असते. त्याकडे कोणी पाहत नाही. पाहिलेच तर केरसुणी आठवते. या जाळ्याच्या मालकाविषयी, किंवा अधिक नेमके सांगायचे तर त्याच्या भावकीतील खऱ्याखुऱ्या काळोखात राहणाऱ्या अगदी लहानग्या कोळ्यांविषयी, प्रस्तुत लेखात लिहावयाचे आहे.

इतिहासाच्या पानांत कोळी कशाला, असे काही वाचक म्हणतील. आमचे उत्तर असे की हा इतिहास कोळ्याचा कमी आणि नोंदीचा अधिक आहे. नोंदीचे मोल आपल्या समाजाला निराळे समजावून द्यावे लागत नाही. राणोजी शिंद्यांच्या मागोमाग आपली घराणी माळव्यात आली. कोणाच्या पेटीत सनद होती, कोणाकडे मोडीतले जीर्ण कागद, तर कोणाकडे नुसतीच ऐकीव गोष्ट. १९५१ साली मध्यभारतात जहागिरी आणि जमीनदारी संपुष्टात आली तेव्हा कागद असलेले आणि कागद नसलेले यांच्यात केवढे अंतर पडले, हे प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्यांनी केव्हा ना केव्हा ऐकवलेले आहे. आमचा जन्म त्यानंतरचा. पण पुढे आयुष्याची उणीपुरी पस्तीस वर्षे खसरा, खतौनी आणि नामांतरणाच्या फायलींत गेल्यामुळे एक गोष्ट अंगात भिनली आहे : जमिनीवर माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहत असला तरी दप्तरात त्याचे नाव नसेल तर शासनाच्या लेखी तो तेथे नसतोच. प्राण्यांच्या जगातही असेच एक दप्तर आहे, आणि गुहेतल्या कोळ्याचे त्या दप्तराशी असलेले नाते कुळासारखेच नाजूक आहे.

आपल्याकडे कोळ्यांची यादी फार पूर्वी झाली. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, म्हणजे विषांची चिकित्सा सांगणाऱ्या भागात, ‘लूता’ या नावाखाली सोळा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी आठ कष्टाने बरे होणारे, आठ असाध्य. त्रिमण्डला, श्वेता, कपिला, जालिनी, एणीपदी, कृष्णा, अग्निवर्णा अशी त्यांची नावे आहेत. उत्पत्तीची कथाही तेथेच येते. विश्वामित्राने कामधेनू बळाने नेऊ पाहिली, तेव्हा संतप्त वसिष्ठांच्या कपाळावरचा घाम कापलेल्या गवतावर पडला आणि त्यातून हे जीव निपजले. कापलेले ते ‘लून’, म्हणून ‘लूता’. नावे रंगावरून, खुणांवरून दिली असली तरी ही वर्गवारी वैद्याची आहे. दंशानंतर रोग्याला काय होते यावर ती बेतलेली आहे. जो कोळी चावत नाही त्याला या यादीत जागा नाही. उपनिषदांतील ऊर्णनाभ तर दृष्टान्तापुरताच येतो. सृष्टी ब्रह्मातून निघते आणि ब्रह्मातच परतते हे सांगितल्यावर त्याचे काम संपते.

कोळ्याला त्याच्या स्वतःच्या रूपावरून ओळखणारी पहिली व्यवस्थित नोंदवही स्वीडनमध्ये तयार झाली, आणि ती करणारा कार्ल क्लर्क हा करखात्यातला अधिकारी होता, हे वाचून आम्हांस जो आनंद झाला तो सेवानिवृत्त वाचक तरी समजून घेतील. लिनिअसच्या व्याख्यानांनी हा गृहस्थ भारावला. स्टॉकहोममधील सरकारी काम सांभाळून त्याने देशातले कोळी जमवले, त्यांची रंगीत चित्रे काढविली आणि १७५७ साली स्वीडनच्या कोळ्यांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सदुसष्ट जाती आहेत. पुढे प्राणिशास्त्रज्ञांनी असा नियम केला की जगातील प्राण्यांच्या नावांचा अधिकृत आरंभ लिनिअसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून धरावा आणि त्याआधीची नावे ग्राह्य मानू नयेत. अपवाद एकच, क्लर्कचा. त्याचे पुस्तक एक वर्ष आधी निघालेले असूनही ते १ जानेवारी १७५८ रोजी प्रसिद्ध झाले असे मानण्यात येते, आणि दोहोंत विरोध आला तर क्लर्कने दिलेले नाव लिनिअसच्या नावावर मात करते. दस्तऐवजाच्या तारखेवर असा कायदेशीर समजुतीचा शिक्का मारण्याची युक्ती कोणत्याही बंदोबस्त अधिकाऱ्याला पसंत पडेल.

आज ही नोंदवही स्वित्झर्लंडमधील बर्न येथील निसर्गेतिहास संग्रहालयात सांभाळली जाते. २०२२ च्या एप्रिल महिन्यात तिच्यात पन्नास हजारावी जात चढली. तो ब्राझीलकडील एक उड्या मारणारा कोळी होता. अजून तितक्याच जाती नोंदवायच्या राहिल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. भारतातल्या जाती दोन हजारांच्या आसपास भरतात.

नवी जात ‘सापडली’ असे वर्तमानपत्रात येते तेव्हा कोणी काळोखात बोट दाखवून ओरडला आणि काम झाले असे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात कोळी सापडण्यापासून जात सिद्ध होईपर्यंत कित्येकदा वर्षे जातात. मोहरीच्या दाण्याएवढा जीव चिमटीत धरला तर चिरडतो. म्हणून मध्ये बारीक जाळी बसवलेल्या नळीतून तोंडाने हवा ओढून त्याला कुपीत घ्यावे लागते आणि मद्यार्कात ठेवावे लागते. मग सूक्ष्मदर्शकाखाली डोळे मोजायचे. बहुतेक कोळ्यांना आठ असतात, काही कुळांत सहा, आणि ते कोणत्या रांगांत बसले आहेत यावरून कुळ कळते. जात मात्र डोळ्यांवरून कळत नाही. त्यासाठी नराच्या तोंडाजवळच्या दोन आखूड पायांसारख्या अवयवांची टोके पाहावी लागतात. मीलनाच्या वेळी बीज पोहोचविण्याचे काम ती करतात. मादीच्या पोटाखालचे छिद्र आणि नराचे हे टोक यांचा मेळ कुलूप-किल्लीसारखा असतो, आणि प्रत्येक जातीची किल्ली निराळी. याचा अर्थ असा की पूर्ण वाढ न झालेले पिलू हाती आले तर बहुधा नोंद करता येत नाही. पुन्हा गुहेत जावे लागते. एवढे झाल्यावर पूर्वीचे सगळे लेख चाळून ही किल्ली आधी कोणी चितारलेली नाही याची खात्री करायची, चित्रांसह वर्णन छापायचे आणि एक नमुना ‘मूळ नमुना’ म्हणून संग्रहालयात कायमचा ठेवायचा. पुढे वाद उद्भवला तर निर्णय त्या कुपीवरून होतो. वर्णनात मूळस्थान लिहिलेच पाहिजे : कोणता देश, कोणता डोंगर, कोणती गुहा. चतुःसीमेशिवाय खरेदीखत नाही, तसेच हे.

या कामाची मुहूर्तमेढ आपल्याकडे मुंबईत रोवली गेली. १८८३ साली आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली, त्यांत प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. याच आठांतला एडवर्ड एटकेन हा मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यातला नोकर. संस्थेचा पुढचा आधारस्तंभ फिप्सन हा तर मद्याचा व्यापारी. कोणी वनखात्यातून, कोणी मिठागरांवरून, कोणी छावणीतून बाटल्या भरून पाठवीत, आणि त्या नमुन्यांवर लंडनच्या संग्रहालयात रेजिनाल्ड पोकॉक काम करी. त्याचा हिंदुस्थानातील कोळी-विंचवांवरचा ग्रंथ १९०० साली निघाला. स्वातंत्र्यानंतर ही गादी पुण्याकडे आली असे म्हणावयास हरकत नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या पुण्याच्या केंद्रात बी. के. टिकादर यांनी वर्षानुवर्षे कोळ्यांचा अभ्यास केला आणि १९८० व १९८२ साली त्यांचे व सहकाऱ्यांचे खंड प्रसिद्ध झाले. आमच्या राज्यात जबलपूरच्या कोळ्यांवर पवन गजबे यांचा ग्रंथ २००४ साली निघाला. या सर्व खटाटोपात शेते, बागा, झाडांच्या साली, भिंती पुष्कळ तपासल्या गेल्या. गुहांची वाट मात्र निराळी आहे.

गुहेत जीवसृष्टी असते हे युरोपातही उशिरा ध्यानात आले. आज स्लोव्हेनियात असलेल्या पोस्टोयना येथील प्रसिद्ध गुहेत १८३१ साली दिवे लावणाऱ्यांपैकी लूका चेच याला एक विचित्र, बारीक मानेचा, आंधळा भुंगेरा दिसला. पुढच्याच वर्षी त्याचे वर्णन छापले गेले आणि विद्वानांची तेथे रीघ लागली. १८४७ साली डेन्मार्कच्या श्योटे याने त्याच परिसरातल्या गुहांतून एका कोळ्याचे वर्णन केले. गुहेतल्या कोळ्याची दप्तरात झालेली ती पहिली नोंद मानतात. दिवे लावणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले हे विशेष. बहुधा राहत नाही.

काळोखात पिढ्या काढलेल्या जीवांची ठेवण पाहिली की आश्चर्य वाटते. रंग जातो, कारण रंगाचा उपयोग उरत नाही. डोळे बारीक होतात किंवा अजिबात नाहीसे होतात. पाय आणि मिशा लांबतात, कारण जग आता स्पर्शावर चालते. अन्न अतिशय थोडे. हिरवे पान नाही, तेव्हा वटवाघळांची विष्ठा, पुराबरोबर आत आलेला काडीकचरा आणि त्यावर वाढणारी बुरशी एवढ्यावर सगळा गावगाडा चालतो. बुरशी खाणारे सूक्ष्म किडे, त्यांना खाणारा लहान कोळी, त्याला खाणारा मोठा. अंगाने लहान असणे ही येथे काटकसर आहे. आणि मुख्य गोष्ट अशी की दोन गुहांमधली उन्हाची जमीन या प्राण्यांना समुद्रासारखी असते, ती त्यांना ओलांडता येत नाही. त्यामुळे एका गुहेतली जात पुष्कळदा त्या एकाच गुहेत असते, साऱ्या पृथ्वीवर अन्यत्र कोठेही नाही. अशा जातीच्या मूळस्थानाचा रकाना म्हणजे तिचा संपूर्ण सातबारा.

हिंदुस्थानात एखादी गुहा अशा दृष्टीने पहिल्यांदा नीट धुंडाळली गेली ती १९२२ साली, गारो टेकड्यांतील सिजूची. स्टॅन्ली केम्प आणि बी. चोप्रा हे इंडियन म्युझियमकडून गेलेले दोघे त्या भुयारात पाण्यातून, चिखलातून सुमारे चार हजार फूट आत गेले आणि शंभरच्या घरात प्राण्यांच्या जाती घेऊन बाहेर आले. नमुने वाटून दिले गेले. कोळ्यांची बाटली पॅरिसला लुई फाज यांच्याकडे गेली, रातकिड्यांची शोपार यांच्याकडे, आणि १९२४ साली कलकत्त्याच्या म्युझियमच्या नियतकालिकात सगळे अहवाल एकत्र छापून निघाले. गारोंच्या डोंगरातल्या जीवाचे नामकरण पॅरिसमध्ये व्हावे हा त्या काळाचा रिवाज होता. त्याबद्दल आज रागावण्यात अर्थ नाही. केम्पचे नाव मात्र लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

आता आमच्या जुन्या राज्याकडे वळतो. बस्तर २००० सालच्या नोव्हेंबरपर्यंत मध्यप्रदेशात होते. १९५० चे दशक हे आमच्याकडे गुहांत शिरणाऱ्या माणसांचे दशक म्हणावे लागेल. आपले उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर १९५७ साली भीमबेटकाच्या शैलाश्रयांपर्यंत पोहोचले हे या शहरातल्या मुलालाही ठाऊक आहे. त्याच्या काही वर्षे आधी, १९५१ च्या सुमारास, डॉ. शंकर तिवारी यांनी कांगेर नदीच्या खोऱ्यातल्या कोटुमसरच्या गुहेची पाहणी केली. आजूबाजूच्या आदिवासींना ती गुहा अर्थातच माहीत होती. तिवारींनी तिला अभ्यासकांच्या नकाशावर आणले. चुनखडीच्या त्या भुयाराचा मुख्य भाग सुमारे दोनशे मीटर लांबीचा आहे. आतली हवा वर्षभर अठ्ठावीस अंशांच्या आसपास राहते. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत तिच्यात पाणी भरते, आणि हे पाणीच पुढच्या वर्षाचे अन्न आत टाकून जाते.

नोकरीच्या निमित्ताने १९९० च्या दशकात आम्हांस काही काळ बस्तरात राहावे लागले, तेव्हा ही गुहा पाहण्याचा योग आला. अरुंद कपारीतून जिन्याने खाली उतरलो. वाटाड्याच्या हाती गॅसबत्ती होती. तिचा भपका आणि धूर त्या बंद हवेत जागच्या जागी राहत होता. खांब, झुंबरे, शिवलिंगासारखे आकार सगळ्यांनी पाहिले. डबक्यातले फिकट मासेही पाहिले. भिंतीला चपटा चिकटून बसलेला, तळहाताच्या रुंदीचा एक कोळी आम्हांस दिसला. हा जाळे विणत नाही, दबा धरून शिकार करतो. त्याचे नाव हेटेरोपोडा लेप्रोसा, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले. १८८४ साली फ्रान्सच्या यूजीन सिमोनने ब्रह्मदेशातल्या नमुन्यावरून ते दिले होते. म्हणजे कोटुमसरला हा कोळी भाडेकरू. त्याचे मूळ दप्तर दुसऱ्या प्रांतातले. त्याला बाहेरचे जगही चालते. मोहरीएवढ्या कोळ्यांचे काय, हा प्रश्न त्या दिवशी आमच्या मंडळींपैकी कोणालाच पडला नाही. ते दिसण्यासाठी गुडघे टेकून, दगड उलटून, एका वितीच्या जागेकडे तासभर पाहावे लागते, आणि आम्ही तर चाळीस मिनिटांत वर आलो होतो.

कोटुमसरचा खरा खातेदार एक रातकिडा आहे. लांबलचक मिशांचा हा किडा सिन्हा आणि अग्रवाल यांनी १९७७ साली वर्णिला आणि त्याचे नाव ठेवले केम्पिओला शंकरी. या दोन शब्दांत दोन माणसे आहेत. ‘केम्पिओला’मध्ये सिजूचा केम्प, आणि ‘शंकरी’ म्हणजे शंकराचा, अर्थात डॉ. तिवारींचा. हिंदुस्थानातील गुहा-संशोधनाचा अर्ध्या शतकाचा इतिहास एका किड्याच्या नावात साठवावा, ही योजना आम्हांस फार आवडली.

आणि येथेच घोटाळा झाला आहे. पर्यटकांसाठी निघणाऱ्या पुस्तिका, स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके, हिंदीतील कित्येक लेख उघडून पाहावेत. कोटुमसरच्या आंधळ्या माशाचे शास्त्रीय नाव म्हणून ‘कैपिओला शंकराई’ असे काहीतरी छापलेले असते. मुले ते पाठ करतात आणि परीक्षेत गुण मिळवतात. किड्याचे नाव माशाला लागले, वर त्याचे स्पेलिंगही बिघडले. माशाला स्वतःचे नाव आहे. फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टराने १८७२ साली पुण्याच्या परिसरातल्या, चांगले डोळे असलेल्या, उघड्या ओढ्यांतल्या माशाचे वर्णन केले आणि त्याला कर्नल एव्हेझार्डचे नाव दिले. गुहेतले फिकट, अधू डोळ्यांचे मासे त्याच जातीत धरले गेले. त्याचे आजचे कुळनाम ‘इंडोरिओनेक्टिस’ असे आहे. इंदूरकरांनी हुरळून जाऊ नये. ‘ओरिओनेक्टिस’ म्हणजे डोंगरी पोहणारा असे एक कुळनाम आधीपासून होते. त्याला ‘इंडो’ जोडून १९७८ साली हा शब्द बनवला. राजवाड्याशी त्याचा संबंध नाही.

नामसाम्याने एकाच्या शेतावर दुसऱ्याचे नाव चढले तर काय होते, हे आम्ही नोकरीत पुरेसे पाहिले आहे. ज्याचे नाव गेले तो भांडत तरी येतो. रातकिडा येणार नाही. माशाची भाऊबंदकी बाहेरच्या ओढ्यांत आहे. गुहेवर संकट आले तर नुकसान मोठे, पण गोत शिल्लक राहील. केम्पिओला शंकरीचे मूळस्थान कोटुमसर. पुस्तिकेतली ओळ चुकल्याने ज्याच्यासाठी ती गुहा सर्वस्व आहे तोच दिसेनासा होतो, आणि ‘आंधळे मासे’ दाखवण्यासाठी दिवे घेऊन जाणाऱ्यांची रांग वाढते.

नोंदीने गुहा वाचते, हा केवळ आमचा दप्तरी भाबडेपणा नव्हे. २०१२ साली अमेरिकेत टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे सुमारे दीड कोटी डॉलरचे महामार्गाचे काम चालू असताना खड्ड्यात एक आंधळा कोळी आढळला. तपासणीत तो संकटग्रस्त म्हणून आधीच शासकीय सूचीत चढलेल्या जातीचा निघाला. ज्या गुहेत ती जात पूर्वी सापडली होती तिचे तोंड घरबांधणीत बुजून गेले होते. काम थांबले. कोळ्याला नाव नसते तर यंत्र थांबविण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. दुसरे उदाहरण ब्राझीलचे. तेथील काराजासच्या डोंगरांत लोहखनिजाच्या प्रचंड खाणी आहेत आणि त्याच लोहखडकात शेकडो लहान गुहा आहेत. २००८ च्या एका सरकारी फर्मानाने त्या देशात गुहांची प्रतवारी ठरविली. दुर्मिळ, पूर्णपणे गुहाबद्ध प्राणी जिच्यात आहेत ती सर्वोच्च प्रतीची, आणि अशा गुहेला हात लावता येणार नाही. म्हणजे खाणीची सीमा कोळी मोजणाऱ्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठरू लागली.

याच काराजासमधून ब्रेस्कोव्हित, सिझाउस्कस आणि मोता या तिघांनी २०१८ साली ओकिरोसेरा कुळनामाच्या सात नव्या जाती एकदम प्रसिद्ध केल्या. अंगाने दोन मिलिमीटरच्या आसपास, सहा डोळे, पाय केसासारखे. या कुळातील काही माद्या अंड्यांचा पुंजका जबड्यात धरून हिंडतात. साहित्यमंडळाच्या वाचकांना रुचेल अशी गोष्ट त्यांच्या नावांत आहे. सातही नावे कादंबऱ्यांतून आणि बालकथांतून घेतलेली आहेत. टॉल्किनच्या महाकाय राक्षसी कोळिणी दोन, हॅरी पॉटरमधला कोळी एक, डुकराच्या पिलाचे प्राण वाचवणारी शार्लट एक. टॉल्किनची अजस्र कोळीण मोहरीच्या दाण्यात उतरली. यात कोणाला थिल्लरपणा वाटेल. आम्हांस वाटला नाही. या सातांच्या बाबतीत संशोधकांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहून ठेवली, तिचे महत्त्व अधिक आहे : हे कोळी गुहेत सगळा जन्म काढतात, तथापि ते पुरते गुहाबद्ध नाहीत, बाहेरच्या मातीतही जगू शकतात. म्हणजे यांच्या नावावर गुहा वाचविता येईलच असे नाही. नोंद खरी करायची तर ती कधी आपल्या विरुद्धही जाते. खाणवाल्याला आणि खाणविरोधकाला, दोघांनाही ज्या कागदावर विश्वास ठेवावा लागतो तो कागद असाच तयार होतो.

नावांचा विषय निघाला म्हणून सांगतो. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ साली आयसियस तुकारामी हे नाव दिले गेले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गोळ्या अंगावर झेलून अतिरेक्याला धरून ठेवणारे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ते आहे. वर्णन करणाऱ्यांत आपल्या देशातलेच अभ्यासक होते. पॅरिस-लंडनच्या बाटल्यांचा काळ संपला, याहून स्पष्ट पुरावा नको.

आता आपल्या दप्तरांची स्थिती. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे बंधनकारक केले. आमच्या राज्यात तिला ‘पंजी’ म्हणतात. कल्पना उत्तम आहे. गावातल्या म्हाताऱ्याला झाडे, मासे, वाण, औषधी यांविषयी जे ठाऊक आहे ते लिहून घ्यावे. पण पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षे काही झाले नाही. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही अखेरची मुदत घातली, दंडाची तंबी दिली, आणि देशभर नोंदवह्या धडाधड पुऱ्या झाल्या. मार्चअखेरची वसुली ज्यांनी पाहिली आहे त्यांना अशा धडाक्यातल्या आकड्यांची प्रत ठाऊक असते. शिवाय ज्या जीवाला गावात नावच नाही तो म्हाताऱ्याला विचारून कळणार नाही. मराठीत कोळी, कातीण, आणि त्यांची जळमटे. माळवीत आणि हिंदीत मकडी. एवढ्या दोन-तीन शब्दांत हजारो जाती कोंबल्या आहेत. येथे नळी, कुपी आणि सूक्ष्मदर्शक असलेला मनुष्यच लागतो. विद्यापीठातल्या एखाद्या तरुणाने भीमबेटकाच्या शैलाश्रयांत, पचमढीच्या कपारींत, किंवा अगदी शिप्रेकाठच्या तळघरांत आणि बारवांत दोन पावसाळ्यांमधला काळ घालवला तर त्याच्या हाती काय लागेल, हे आम्हांस सांगता येत नाही. चित्रे पाहण्यासाठी वाकणकरांच्या आधीही लोक त्या दगडांखालून गेलेच होते.

बस्तरचा प्रश्न त्यापेक्षा निकडीचा आहे. कांगेर खोरे १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले. २०२५ साली ते जागतिक वारशाच्या भारताकडील संभाव्य यादीत आले. संभाव्य यादीपासून प्रत्यक्ष मानापर्यंत कागदांची मोठी वाट असते. प्रस्ताव तयार होतात, त्यांना परिशिष्टे जोडली जातात, परिशिष्टांत प्राण्यांच्या सूच्या येतात, आणि सूच्या कोणीतरी आधीच्या पुस्तिकेवरून उतरवून घेतो. आमच्या परिचयाचे जे कोणी तरुण अधिकारी छत्तीसगढात आहेत त्यांना आम्ही पत्राने एवढेच कळविले आहे की कोटुमसरचे पान आले की ते स्वतः वाचावे. मासा : इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी, डे, १८७२. रातकिडा : केम्पिओला शंकरी, सिन्हा व अग्रवाल, १९७७, मूळस्थान कोटुमसर. कोळी : हेटेरोपोडा लेप्रोसा, सिमोन, १८८४. आणि त्याखाली, लहान कोळ्यांसाठी, काही ओळी कोऱ्या सोडाव्यात.